म्यानमारच्या मुलांना खान्देशात प्रवेश: कोणता कागद मागायचा आणि कोणता नाही

प्रश्न शहादा तालुक्यातल्या एका महाविद्यालयाच्या प्राध्यापकांचा आहे. बी.एस्सी. संगणकशास्त्रासाठी त्यांच्याकडे म्यानमारमधल्या तिघांचे ईमेल आले. एकाकडे २०२० ची मॅट्रिक, म्हणजे तिकडची शाळा संपतानाची परीक्षा, आहे. एकीने २०२४ मध्ये मॅट्रिक केली. तिसऱ्याने लष्करी उठावानंतर विद्यापीठ सोडले, तो सध्या मिझोराममध्ये आहे. ऑफिसने त्यांना नेहमीची यादी पाठवली: टीसी, मायग्रेशन, चारित्र्याचा दाखला, गॅप ॲफिडेव्हिट, सगळे साक्षांकित करून. त्यानंतर तिघांपैकी एकाचेही उत्तर आले नाही. "काय चुकले? मुलांनाच नको असेल का?"

सर, चुकली ती यादी.

आपल्याकडे टीसी आणायचा म्हणजे शाळेत जायचे, क्लार्कला दोनदा आठवण करायची आणि कागद घेऊन यायचे. तिकडे १ फेब्रुवारी २०२१ पासून शाळाखाते लष्कराच्या हातात आहे. शिक्षकांनी असहकार पुकारला, तेव्हा त्या मे महिन्यापर्यंत सव्वा लाखाच्या आसपास शालेय शिक्षक निलंबित झाले होते. असहकारात भाग घेणाऱ्यांवर दंडसंहितेचे ५०५(अ) हे नवे कलम लावले गेले, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. असा मुलगा किंवा त्याची आई टीसी मागायला शाळेत गेली, तर तो कुठे आहे आणि कुठे चालला आहे हे आपण होऊन सांगितल्यासारखे होते. चारित्र्याचा दाखला तर पोलीस ठाण्यातून येतो. म्हणून मुले गप्प बसतात. त्यांनी उत्तर दिले नाही याचा अर्थ त्यांना शिकायचे नाही असा काढू नका.

शिवाय यातले निम्मे कागद प्रवेशाच्या टप्प्यावर लागतच नाहीत. समकक्षतेसाठी, म्हणजे तिकडची परीक्षा आपल्या परीक्षेच्या तोडीची आहे हे ठरवून घेण्यासाठी, गुणपत्रक, प्रमाणपत्र आणि पासपोर्ट लागतो. व्हिसासाठी पासपोर्ट, तुमचे प्रवेशपत्र आणि खर्चाची सोय दाखवणारा कागद लागतो. टीसी आणि मायग्रेशन ही आपल्या विद्यापीठांतली आपापसातली पद्धत आहे. परदेशी बोर्डाच्या विद्यार्थ्यासाठी मूळ गुणपत्रक पाहून एलिजिबिलिटी, म्हणजे विद्यापीठाची पात्रता, देता येते का, हे जळगावला विद्यापीठाच्या पात्रता विभागाला आधी लेखी विचारा. फोनवर मिळालेले "चालेल" जूनमध्ये कुणालाच आठवत नाही.

आता तिघांचे वेगवेगळे बघू. तिघांचा प्रश्न एक नाही.

वर्षांचा हिशेब

म्यानमारची जुनी शालेय रचना ५-४-२ अशी होती, म्हणजे ११ वर्षे, आणि त्यातले पहिले वर्ष बालवर्गाच्या तोडीचे. शेवटी मॅट्रिक. २०१६ पासून केजी अधिक १२ अशी नवी रचना एकेक इयत्ता करत लागू झाली आणि नव्या बारावीची पहिली मॅट्रिक मार्च २०२४ मध्ये झाली. २०२१ मध्ये परीक्षाच झाली नाही. २०२२ मध्ये बसणारे उठावाआधीच्या तुलनेत एक तृतीयांशाच्या आसपास उरले, कारण हजारो घरांनी लष्कराच्या शाळेत मुले पाठवायला नकार दिला.

तुमच्याकडे याचा अर्थ सरळ आहे. २०२४ ची मॅट्रिक असलेल्या मुलीची शालेय वर्षे १२ भरतात. २०२० च्या मुलाची भरत नाहीत. परदेशी बोर्डाला बारावीची समकक्षता देताना किमान १२ वर्षांचे नियमित शालेय शिक्षण ही अट आहे. हे काम पूर्वी दिल्लीच्या भारतीय विद्यापीठ महासंघाकडे, म्हणजे एआययूकडे होते. एप्रिल २०२५ मध्ये यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, स्वतंत्र विनियम काढून ते स्वतःच्या पोर्टलवर घेतले. फार्मसी, नर्सिंग, कायदा, आर्किटेक्चर, वैद्यकीय हे त्या विनियमांच्या बाहेर आहेत. तिथे त्या-त्या परिषदेचे नियम लागतात.

२०२० च्या मुलाला "तुझे होणार नाही" असे सांगून मोकळे होऊ नका. त्याची मॅट्रिक दहावीच्या वरची आहे, त्यामुळे तीन वर्षांचा पॉलिटेक्निक डिप्लोमा हा त्याच्यासाठी खरा रस्ता आहे. डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते, आणि ११ वर्षांचा अडथळा मागे पडतो. डिप्लोमासाठीही दहावीची समकक्षता लागेल, ती आधी काढायची. दुसरा रस्ता परदेशी बोर्डाचे ए-लेव्हल, म्हणजे बारावीच्या तोडीची ब्रिटिश परीक्षा, पण ते खर्चिक आहे. जीईडी या अमेरिकी परीक्षेचे क्लास यांगोनमध्ये (जुन्या रंगूनमध्ये) खूप चालतात: चार विषय, प्रत्येकात २०० पैकी १४५ ला पास. मुले त्यावर पैसे घालवून मग इकडे विचारतात. समकक्षतेचे पत्र हातात येईपर्यंत जीईडीच्या जोरावर प्रवेशपत्र देऊ नका. मुलगा विमानाने येईल, एलिजिबिलिटी अडेल, आणि व्हिसा एकाच अभ्यासक्रमाशी बांधलेला असल्यामुळे त्याला दुसरीकडेही जाता येणार नाही.

लष्कराच्या विरोधातील राष्ट्रीय एकता सरकारने स्वतःच्या शाळा आणि परीक्षा उभ्या केल्या आहेत. स्प्रिंग युनिव्हर्सिटी म्यानमारसारखी ऑनलाइन विद्यापीठेही २०२१ पासून चालतात आणि शिक्षण चांगले देतात. पण त्या सरकारला भारताची औपचारिक मान्यता नाही. तिथले प्रमाणपत्र मुलाची तयारी समजायला वापरा, समकक्षतेसाठी त्यावर विसंबू नका.

गुणपत्रक कसे वाचायचे

जुन्या मॅट्रिकला सहा विषय, प्रत्येकी १००, एकूण ६००. म्यानमार भाषा, इंग्रजी आणि गणित सगळ्यांना. विज्ञानवाल्यांना भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र. ४० ला पास. ज्या विषयात विशेष प्राविण्य असते, तिथे डी हे अक्षर असते. आपल्याकडच्या क्लार्कला ते डी ग्रेड वाटते आणि तो अर्ज बाजूला ठेवतो. सहापैकी चार विषयांत डी म्हणजे पोरगे वर्गात पहिल्या रांगेतले आहे, हे प्रवेश समितीतल्या प्रत्येकाला आधी सांगून ठेवा.

कागद बर्मी भाषेत असेल तर इंग्रजी नोटरी भाषांतर पुरेसे आहे का ते पाहा. "अपोस्टिल करून आणा" हे मात्र लिहू नका. अपोस्टिल म्हणजे हेग कराराखालचा, सदस्य देशांत चालणारा साक्षांकनाचा शिक्का. म्यानमार त्या करारात नाही, त्यामुळे तिकडे अपोस्टिल मिळतच नाही. तिथला मार्ग आधी परराष्ट्र खात्याचा शिक्का आणि मग भारतीय दूतावास असा आहे, आणि परराष्ट्र खात्याची खिडकी म्हणजे पुन्हा तेच सरकार. मुलीला तिथे जाणे सुरक्षित आहे का हे ठरवायचा अधिकार तिचा. तुमच्याकडून फक्त एवढे: मूळ कागद प्रत्यक्ष आल्यावर दाखवायची मुभा, आणि तोपर्यंत तात्पुरता प्रवेश. मार्च २०२५ च्या भूकंपात सगाइंग आणि मंडालेकडे घरेच्या घरे बसली, त्यात कागद गेले असतील तर दुसरी प्रत मागायला लावण्याआधीही हाच विचार करा.

नाव: इथे सगळ्यात जास्त फाटते

बर्मी माणसाला आडनाव नसते. पासपोर्टवर तीन-चार शब्दांचे एकच नाव असते आणि ते अख्खे त्याचेच. वडिलांच्या नावाशी त्याचा एखादा शब्द जुळेलच असे नाही. आपल्या ऑनलाइन अर्जात मात्र आडनाव, नाव, वडिलांचे नाव असे तीन रकाने, आणि तिन्हींना लाल चांदणी. मग ऑफिसातला कुणीतरी समजूतदारपणे शेवटचा शब्द आडनावात टाकतो आणि वडिलांचे नाव मधे घुसवतो. प्रवेशपत्र तसेच निघते. व्हिसा अर्जात पासपोर्टप्रमाणे नाव, प्रवेशपत्रावर भलतेच, आणि अर्ज परत.

करायचे ते असे. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर खाली दोन ओळींचा मशीनने वाचायचा पट्टा असतो. नाव तिथून अक्षर न् अक्षर उतरवा. सॉफ्टवेअर आडनाव मागत असेल तर सगळे नाव एकाच रकान्यात घालून उरलेल्यात काय टाकायचे ते विद्यापीठाच्या संगणक केंद्राकडून ठरवून घ्या, आणि तेच शेवटच्या गुणपत्रकापर्यंत ठेवा. मा, को, ऊ, दाव हे आपल्या ताई, दादा, काका, काकूंसारखे मानाचे शब्द आहेत. पासपोर्टवर छापले असतील तरच घ्या. देवनागरीचाही घोळ आहे. रोमन लिपीत 'क्याव' दिसणाऱ्या नावाचा उच्चार 'चॉ' होतो. गुणपत्रकावर मराठी नाव छापताना विद्यार्थिनीलाच म्हणून दाखवायला सांगा आणि तिच्या सहीने तो कागद फाइलला लावा. नाहीतर तीन वर्षांनी पदवी प्रमाणपत्र दुरुस्तीसाठी जळगावच्या चकरा.

पासपोर्ट आणि लष्करी भरती

म्यानमारचा पासपोर्ट पाच वर्षांचा असतो. तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान साडेतीन-चार वर्षे शिल्लक असलेला पासपोर्ट हवा. मधेच संपला तर नूतनीकरण दिल्लीतल्या त्यांच्याच वकिलातीत, म्हणजे ज्या सरकारपासून मूल लांब आले त्याच सरकारच्या दारात. म्हणून प्रवेशपत्र देण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न गुणांचा नाही, पासपोर्ट कधी संपतो हा.

१० फेब्रुवारी २०२४ ला सक्तीच्या लष्करी सेवेचा कायदा लागू झाला. पुरुष १८ ते ३५, स्त्रिया १८ ते २७. तुमचे तिन्ही अर्जदार त्यात बसतात. तेव्हापासून विमानतळावर तरुणांची चौकशी कडक झाली आहे. तुमचे पत्र तिथे दाखवले जाणार, म्हणून ते मोघम नको. लेटरहेडवर, इंग्रजीत; पासपोर्टप्रमाणे नाव आणि क्रमांक, अभ्यासक्रम, तो पूर्णवेळ असल्याचा उल्लेख, कालावधी, वर्ग सुरू होण्याची तारीख, एकूण शुल्क, वसतिगृहाची सोय, जावक क्रमांक, प्राचार्यांची सही. 'राजकीय परिस्थितीमुळे', 'विस्थापित', 'मदत म्हणून' यातला एकही शब्द नको. गॅपबद्दलही तेच: ॲफिडेव्हिट घ्यायचे तर इथे आल्यावर घ्या, आणि त्यात "त्या काळात शिक्षणसंस्था बंद असल्याने" एवढेच असू द्या. ते खोटे नाही. लष्कराने शिक्षणसंस्था बंद ठेवायची सवय त्या देशात जुनी आहे. १९६२ मध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि त्याच जुलैत रंगून विद्यापीठाची विद्यार्थी संघाची इमारत सुरुंगाने उडवली. १९८८ ते २००० या बारा वर्षांत विद्यापीठे बहुतेक काळ बंदच होती, आणि यांगोन विद्यापीठाच्या मुख्य आवारात पदवीचे विद्यार्थी परत बसले ते २०१३ मध्ये. तीन वर्षांची गॅप पाहून भुवया उंचावणाऱ्या समितीला हा हिशेब द्या.

व्हिसासाठी स्टडी इन इंडिया पोर्टलवर नोंदणी करून तिथला आयडी घ्यावा लागतो. तालुक्याचे महाविद्यालय त्या पोर्टलवर नसेल तर विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कक्षामार्फत जा. दलाल गाठू नका. जागेची चिंता नको: यूजीसीच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार परदेशी विद्यार्थ्यांसाठी मंजूर संख्येच्या २५ टक्क्यांपर्यंत वाढीव जागा देता येतात. ८० च्या तुकडीवर २०. "आपल्या पोरांची जागा खाल्ली" असे कुणी म्हणाले तर हे आकडे पुढे करा.

शिष्यवृत्तीसाठी आयसीसीआरचे, म्हणजे भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेचे, ए-टू-ए पोर्टल आहे. म्यानमारसाठी मेकाँग-गंगा सहकार्य योजनाही तिथूनच चालते. पदवीच्या विद्यार्थ्याला दरमहा १८,००० रुपये आणि घरभाडे वेगळे मिळते. शहाद्यासारख्या ठिकाणी त्यात मूल आरामात राहते. अर्ज वर्षाच्या सुरुवातीला भरायचे असतात, त्यामुळे जूनमध्ये जागे होणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

पैसे

तिथल्या चलनाचा, क्यातचा, सरकारी दर ऑगस्ट २०२२ पासून डॉलरला २,१०० आहे. बाजारात तोच डॉलर त्याच्या दुपटीच्या घरात जातो. तुम्ही १,००० डॉलर शुल्क सांगितले की कागदावर २१ लाख क्यात, आणि आईबापांच्या खिशातून ४० लाखांच्या आसपास. बँकेतून बाहेर पाठवणेही सोपे नाही. मग हुंडीवाला, म्हणजे बँकेबाहेरून पैसे पोचवणारा, पुढे येतो. आपल्या बाजूला हुंडी फेमा या परकीय चलनाच्या कायद्याखाली बेकायदा आहे, म्हणून महाविद्यालयाने रोखीने किंवा तिसऱ्याच माणसाच्या खात्यातून शुल्क घेऊ नये. त्याऐवजी शुल्काचे हप्ते करा, आणि पहिला हप्ता मूल इथे येऊन खाते उघडल्यानंतर घ्या. मागून चौकशी आली तर अडकते मूल, संस्था फक्त खुलासा देते.

खाते एनआरओ प्रकारचे, म्हणजे अनिवासींसाठीचे रुपयांतले, उघडते: पासपोर्ट, व्हिसा, फोटो, प्रवेशपत्र. इथल्या पत्त्याचा पुरावा ३० दिवसांत द्यायचा. तोवर परदेशातून १,००० डॉलरपर्यंतच रक्कम येऊ शकते आणि महिन्याला ५०,००० रुपयांपर्यंतच काढता येतात. तालुक्याच्या शाखेत हा नियम माहीत नसतो आणि "आधार आणा" म्हणतात. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी निर्देशातला परदेशी विद्यार्थ्यांचा भाग छापून सोबत न्या. विद्यार्थी व्हिसावर नोकरी चालत नाही. संध्याकाळी दुकानात हिशेब लिहिणेसुद्धा नाही.

आल्यावर

कोलकात्याला उतरून हावड्याहून नागपूरमार्गे भुसावळ, एका दिवसाचा प्रवास. भुसावळहून पुढे कुणी घ्यायला गेलेले बरे. वसतिगृह असो की गावातली खोली, राहायला आल्यापासून २४ तासांत ऑनलाइन माहिती भरायची, जिला अजून सगळे सी फॉर्म म्हणतात. ही घरमालकाची जबाबदारी, पण तो बिचारा करणार नाही, म्हणून कॉलेजनेच बसून भरून द्यावी. व्हिसा १८० दिवसांहून जास्त मुदतीचा असेल तर १४ दिवसांत नोंदणी, ई-एफआरआरओ या परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर अर्ज करून. जिल्ह्याला एसपी हेच नोंदणी अधिकारी. संस्थेनेही विद्यार्थ्याची माहिती वेगळी कळवायची असते. १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा लागू झाला आहे. जुने १९४६ च्या कायद्याचे नमुने कपाटात असतील तर फेकून द्या.

आणि सर, फ्लेक्स लावू नका. आपल्याकडे दहावीला ९० टक्के मिळाले तरी चौकात बॅनर लागतो, मग परदेशी विद्यार्थिनी आली म्हटल्यावर 'हार्दिक स्वागत', फोटो, पेपरच्या जिल्हा पानावर बातमी, संस्थाचालकांसोबत पेढा. तो फोटो मोबाइलवरून यांगोनपर्यंत जायला दिवस लागत नाही. तिकडे लष्कराने हव्या असलेल्या माणसाऐवजी त्याचे आईबाप, भावंडे उचलल्याचे आणि घरे सील केल्याचे प्रकार घडले आहेत. संकेतस्थळावरच्या विद्यार्थी यादीतही तिचे नाव नको. स्वागत करायचेच तर घरी जेवायला बोलवा. कळण्याची भाकरी आणि भरीत तिला नक्की रुचेल, कारण मिरचीचे वावडे तिकडेही नाही. मे महिन्याची मात्र आधी कल्पना द्या. म्यानमारच्या डोंगराळ चिन राज्यातल्या मुलाला आपले ४५ अंश म्हणजे आजारपण आहे.

मिझोराममधला मुलगा

याला आत्ता प्रवेशपत्र देऊ नका. मिझोराम सरकारने २०२१ मध्ये ६ ते १४ वयाच्या निर्वासित मुलांना शिक्षणहक्क कायद्याचा आधार घेऊन शाळेत घ्यायला सांगितले. त्या वयाच्या पुढच्यांसाठी तशी सोय नाही. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. व्हिसा नसलेला विद्यार्थी तुमच्या हजेरीपटावर आला की त्याची माहिती कळवणे तुम्हाला बंधनकारक आहे, आणि मग पोलिसांपुढे तो बेकायदा परदेशी. मिझोराममध्ये तो ओळखीच्या लोकांत आहे, शहाद्यात नसेल. व्हिसा भारताबाहेरच्या आपल्या वकिलातीतूनच मिळवावा लागतो. त्याच्याकडे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाचे कार्ड असेल तर दिल्ली कार्यालयातून 'डाफी' या उच्चशिक्षणाच्या शिष्यवृत्तीची चौकशी त्याने करावी. तोवर त्याला शिकवता नक्की येते. स्वयम या भारत सरकारच्या ऑनलाइन शिक्षणाच्या पोर्टलवरची व्याख्याने मोफत आहेत, आणि तुमच्या विभागानेही आठवड्याचे दोन तास द्यावेत.

म्यानमारमध्ये राहिलेल्यांनाही असे शिकवता येते. वेळ लक्षात ठेवा: ते आपल्या एक तास पुढे आहेत. वीज तिथे पाळीपाळीने येते. रात्रीच्या थ्री-फेजवर केळीला पाणी देणाऱ्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. म्हणून लाइव्ह व्हिडिओ विसरा. दहा मिनिटांचा आवाज १६ केबीपीएसने साठवला तर फाइल १.२ एमबीची होते, ती कमकुवत नेटवरही उतरते. आकृत्या १ एमबीखालच्या पीडीएफमध्ये पाठवा. फेसबुक तिथे फेब्रुवारी २०२१ पासून बंद आहे आणि व्हीपीएनवरही नवा सायबर कायदा आला आहे. रस्त्यावर मोबाइल तपासले जातात. त्यामुळे गटाचे नाव 'इंग्रजी सराव' असले काही ठेवा, हजेरी टोपणनावाने घ्या, कॅमेरा बंद ठेवा, आणि गृहपाठ उशिरा आला तर कारण विचारू नका.

आज ऑफिसकडून पहिल्या दोघांना एवढेच जाऊ द्या: "आधी पाठवलेली यादी रद्द समजा. सध्या फक्त पासपोर्टचे फोटोचे पान आणि मॅट्रिकचे गुणपत्रक यांची मोबाइलवर काढलेली प्रत पाठवा. दुसऱ्या कुठल्याही कागदासाठी कुठल्याही कार्यालयात जाऊ नका. समकक्षतेचा अर्ज भरताना आम्ही सोबत बसू." तिसऱ्याला वेगळे पत्र, स्वयमची लिंक आणि तुमच्या वर्गाची वेळ.